शोलेच्या गाडीला चुडाव्यात थांबा

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आमच्या जिल्ह्यातला माणूस कुठंही आणि कोणत्याही निमित्तानं म्हणून दाखवतो. लग्नात म्हणतो, भांडणात म्हणतो, पुण्यात खोली भाड्यानं घेताना घरमालकापुढंही म्हणतो. जर्मनीचा आणि परभणीचा नेमका संबंध काय, असं विचारलं की मात्र त्याला कुठंतरी जायची घाई असते. माझ्यापुरता हा संबंध कागदोपत्री सिद्ध झालेला आहे. जर्मनीतून निघालेलं एक रेल्वेचं इंजिन परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातल्या चुडावा गावी माझ्या नावानं येऊन पोचलं. त्याची पावती माझ्याकडं आहे. ती घरात कुणाच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवलेली आहे.

इंजिन सव्वा वीत लांबीचं. माप एकास सत्त्याऐंशी. म्हणजे खऱ्या इंजिनाच्या प्रत्येक लांबी-रुंदीला ८७ नं भागायचं. या मापाला जगभर ‘एचओ’ म्हणतात आणि फुटाला साडेतीन मिलिमीटर या हिशेबातून हा अवघड आकडा निघालेला आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो, त्यामुळं ८७ नं भागायचं मला काही वाटत नाही. इंजिनाची किंमत पडली सतरा हजार चारशे रुपये. घरी सांगताना तिलाही ८७ नं भागलं आणि “दोनशे रुपये” असं सांगितलं. गणिताच्या दृष्टीनं यात काही गैर नाही.

घोळ केला तो आयातशुल्कानं. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरचं हे शुल्क २०२० साली वीस टक्क्यांवरून साठ टक्के झालं आणि २०२३ साली सत्तर टक्के. आपल्या देशातला खेळण्यांचा धंदा वाढावा हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच आहे. पण मापात बनवलेल्या रेल्वेगाड्याही सरकारच्या यादीत खेळण्यांतच मोडतात. कुरिअरचा पोरगा दारात उभा राहिला आणि मी नेमका मागच्या अंगणात होतो.

“काकू, बारा हजार एकशे ऐंशी भरायचेत. वरचा बाकीचा टॅक्स येगळा.”

“कशाचे?”

“सरच्या खेळण्याचे.”

“अरे, ते दोनशे रुपयाचं आहे.”

पोरगा कागद बघून म्हणाला, “काकू, मी फक्त टॅक्स घ्यायला आलोय. तुमच्या घरचं मिटवायला नाही.”

त्या दिवसापासून एका मुद्द्यावर आमच्या घराचं आणि केंद्र सरकारचं एकमत आहे. हे खेळणंच आहे. बाकी कोणत्याही बाबतीत आमच्या सौभाग्यवती सरकारशी सहमत झालेल्या मी पाहिल्या नाहीत.

आता खेळणं म्हणायला माझी हरकत नाही. या धंद्याचं मूळच तिथं आहे. जर्मनीत गोपिंगेन गावी मेर्क्लिन नावाची कंपनी १८५९ साली निघाली, ती मुलींच्या भातुकलीची पत्र्याची भांडी बनवायची. पुढं १८९१ साली त्यांनी लायपझिगच्या जत्रेत चावीची गाडी मांडली. त्यांची खरी हुशारी गाडीत नव्हती, रुळांत होती. रूळ ठरावीक मापाचे आणि कितीही वाढवता येतील असे. यंदा गोल घ्या, पुढच्या नाताळाला सांधा घ्या, त्याच्या पुढच्याला बोगदा घ्या. म्हणजे गिऱ्हाईक एकदा लागलं की जन्माचं लागलं. भातुकलीत निदान मुलगी मोठी झाली की खेळ संपतो. इकडं मुलगा मोठा झाला की सुरू होतो.

आता माझ्या छंदाचं. मी गोळा करतो त्या सिनेमातल्या गाड्या. त्यातही मुख्य ‘शोले’ची. १५ ऑगस्ट १९७५ ला ‘शोले’ लागला, आणि तो आमच्या भागात यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागून आला. आम्ही तो पाहायला चुडाव्याहून पूर्णेला गेलो. कशानं, तर पॅसेंजरनं. मीटरगेजची गाडी, पुढं धूर ओकणारं वाफेचं इंजिन, खिडकीतून डोकं काढलं की डोळ्यात कोळशाचा कण ठरलेला. हे सगळं दोन्ही डोळे चोळत सोसायचं, पूर्णेला उतरायचं, तिकीट काढून थेटरात बसायचं, आणि तिथं वाफेच्या इंजिनाची गाडी आली की तोंडाचा आ करायचा! सिनेमा संपला की पुन्हा त्याच वाफेच्या गाडीत बसून चुडाव्यापर्यंत सिनेमातल्या गाडीच्या गप्पा. ज्या गाडीत बसलो होतो तिच्याकडं आमच्यापैकी एकानंही ढुंकून पाहिलं नाही. ती रोजचीच होती आणि तीत धर्मेंद्र नव्हता.

‘शोले’त गाडी एकच नाही, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात नसतं. सुरुवातीला एक गाडी लहानशा स्टेशनात येते, एक अधिकारी उतरतो, त्याला न्यायला रामलाल घोडा घेऊन आलेला असतो. दुसरी ती मालगाडी, जीत ठाकूर, जय आणि वीरू असतात आणि घोड्यांवरून डाकू पाठलाग करतात. हा पाठलाग पनवेलजवळ चित्रित झाला आणि त्या एका प्रसंगाला सात आठवड्यांपेक्षा जास्त वेळ लागला. पडद्यावर तो काही मिनिटांत उरकतो. आमच्या पूर्णा-नांदेड पट्ट्यात गाडी सिग्नलला उभी राहिली की नेमकं याच्या उलट होतं.

बाजारात ‘शोले’ची गाडी म्हणून काही मिळत नाही. हे एक बरं आहे आणि एक वाईट. इंग्लंडात असं नाही. तिथं १९५३ साली ‘द टिटफील्ड थंडरबोल्ट’ नावाचा विनोदी सिनेमा आला. गावाची लहानशी रेल्वे सरकार बंद करतं, बसवाला टपलेलाच असतो, आणि गावकरी चिडून रेल्वे स्वतःच चालवायला घेतात. पैसा देतो गावातला एक श्रीमंत तळीराम. कारण एवढंच, की गाडीत बार असला तर सकाळी दुकानं उघडायच्या आत पिता येईल. ग्रामविकासासाठी निधी कसा उभा करावा याचं इतकं प्रामाणिक उदाहरण मी दुसरं पाहिलं नाही. बसवाले खरं इंजिन रुळावरून उतरवतात, तेव्हा गावकरी संग्रहालयातलं जुनं इंजिन काढून जोडतात. ते इंजिनही खरंखुरं जुनं होतं. नाव ‘लायन’, जन्म १८३८. मधल्या काळात लिव्हरपूलच्या गोदीत ते पाणी उपसायच्या कामाला बांधलेलं होतं, ते १९२८ पर्यंत. त्या सिनेमाला सत्तर वर्षं व्हायला आली तेव्हा, २०२२ च्या सुरुवातीला, दोन कंपन्यांनी एकाच वेळी त्याच गाडीचं मॉडेल जाहीर केलं आणि हौशी मंडळींत अशी जुंपली की निवडणुकीतही जुंपत नसेल. कुणाच्या डब्याची खिडकी सिनेमाप्रमाणं आहे, यावर पोक्त माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. हे वाचून मला फार आधार वाटला.

आपल्याकडं मात्र सगळं हातानं. म्हणून जर्मन मालगाडीचं काळं इंजिन मागवलं. ते जर्मन दिसतं. त्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना धूर वर लोटायचे उभे पत्रे असतात, आपल्याकडच्या इंजिनांना ते सहसा नसतात. हे कान मी नेलकटरनं कापले. सतरा हजार चारशेच्या वस्तूचे कान नेलकटरनं कापताना हात थरथरतो, आणि तेवढ्यात मागून “काय करायलात?” असा आवाज आला की जास्तच थरथरतो. आपल्या इंजिनाला पुढं गुरं बाजूला सारायची जाळी लागते, जर्मनीत गुरं रुळावर येत नसावीत. ती खराट्याच्या काड्यांची केली. नवं इंजिन चकचकीत असतं, त्यावर काजळी हवी. रंगाच्या दुकानातली काळी पूड फार काळी दिसते. बरंच काही करून पाहिल्यावर मायच्या मिसरीच्या डबीकडं लक्ष गेलं. जाळून बारीक केलेली तंबाखू, किंचित तपकिरी झाक असलेली, इंजिनाच्या अंगावर मऊ कुंचल्यानं चोळली की हुबेहूब कोळशाची राख. माय म्हणाली, “माझी मिसरी संपायली कशी रे?” मी म्हटलं, “इंजिनाला लावली.” ती म्हणाली, “दात आलेत का त्याला?”

धुराला कापूस. परभणी-नांदेडच्या माणसानं धुरासाठी दुसरं काही वापरणं हा मातीचा अपमान आहे. आमच्या लहानपणानंतर ‘नांदेड-४४’ या वाणानं इकडची शेतं पांढरी केली होती, मनात होतं की तोच घ्यावा. पण आता जिकडंतिकडं बीटी. त्यामुळं ‘शोले’च्या इंजिनातून बीटी कापसाचा धूर निघतो. काळाचा हा घोळ अजून कुणाच्या ध्यानात आलेला नाही, आणि मी तो सांगत नाही.

घोड्यांनी मात्र जीव घेतला. घोडा साधारण एक मीटर साठ सेंटीमीटर उंच. ८७ नं भागला की अठरा मिलिमीटर. बाजारातला खेळण्यातला प्रत्येक घोडा टेबलावर ठेवला की इंजिनापेक्षा उंच. असे डाकू रुळाशेजारी उभे केले तर ते गाडी लुटायला आलेत असं वाटत नाही, ती उचलून घरी न्यायला आलेत असं वाटतं. शेवटी माळेगावच्या यात्रेत गेलो. लोहा तालुक्यातली खंडोबाची ही यात्रा घोड्यांसाठी आणि गाढवांसाठी पंचक्रोशीत काय, पार दुसऱ्या राज्यांत नावाजलेली. खरे घोडे हवे तेवढे. दात पाहून घ्या, चाल पाहून घ्या. पण दोन सेंटीमीटरच्या आतला घोडा कुणाकडं नाही. एका खेळणीवाल्याला मोजपट्टी दाखवली तर तो म्हणाला, “सर, लोकं मोठा घोडा मागतेत. इतका लहान घेऊन त्याच्यावर बसनार कोन?”

“गब्बर,” मी म्हटलं. त्यानं पुढच्या गिऱ्हाईकाकडं तोंड केलं.

शेवटी घोडेही जर्मनीहून आले. माणसंही तिकडचीच आली. याच मापाची माणसं बनवणाऱ्या प्रायझर नावाच्या कंपनीचा एक डबा मागवला होता. प्रत्येक माणूस दोन सेंटीमीटर उंचीचा, अंगात ओव्हरकोट, डोक्याला हॅट, हातात छत्री किंवा ब्रीफकेस. ही मंडळी चुडाव्याच्या फलाटावर उभी केली तर इन्कम टॅक्सची धाड पडली असं वाटून गाव पांगेल. म्हणून एकेकाला चिमट्यात धरून रंगवायला बसलो. ओव्हरकोट पांढरा केला की नेहरूशर्ट होतो. हॅटवर लाल रंग चढवला की लांबून पटका दिसतो. ब्रीफकेस पिवळी केली की पिशवी. एक बाई कुत्र्याचा पट्टा धरून उभी होती. तिच्या स्कर्टचं महत्प्रयासानं हिरवं लुगडं केलं, तरी कुत्रं काही हातचं सुटेना, ते साच्यातच चिकटलेलं. मग भिंगातून बघत बघत कुत्र्याला दोन शिंगं चिकटवली. आता ती बाई शेळी घेऊन पूर्णेच्या बाजाराला निघाली आहे. माझ्या साऱ्या संग्रहात एवढं समाधान मला दुसऱ्या कशात नाही.

आता गेजची भानगड. कंटाळा येणार असेल तर हा परिच्छेद सोडून द्या, आमच्या घरचे सोडतात. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर रुंद, ते ८७ नं भागलं तर एकोणीस मिलिमीटरच्या वर जातं. पण बाजारात मिळणारा एचओचा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा, कारण तो युरोपच्या रुंदीचा. त्यामुळं आपली ब्रॉडगेजची गाडी त्यावर चढवली की ती वरून देशी आणि खालून परदेशी राहते. याउलट मीटरगेज. हजार मिलिमीटर भागिले ८७, साडेअकरा. आणि त्यासाठी बारा मिलिमीटरचा तयार रूळ मिळतो! तो बनतो कुणासाठी, तर स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या मीटरगेज गाड्यांच्या शौकिनांसाठी. म्हणजे चुडाव्याची जुनी लाईन घरात टाकायची तर स्वित्झर्लंडचा रूळ लागतो. हे मी पारावर सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, “मंग आपल्याकडं बर्फ कामून पडत नाही?”

खरी लाईन इथं टाकली ती निजामाच्या काळात. हैदराबादहून मनमाडकडं जाणारी गोदावरी खोऱ्यातली मीटरगेज, १९०० च्या सुमाराची. पूर्णेला जंक्शन, लोको शेड, रेल्वेच्या चाळी, इंजिनं धुवायला-कोळसा भरायला रात्रंदिवस राबता. एकोणीसशे नव्वदनंतरच्या पहिल्या काही वर्षांत मनमाडकडून टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झालं. आता तर दुहेरी लाईन आहे, वर विजेच्या तारा आहेत. देवगिरी, तपोवन, नंदीग्राम, सचखंड, सगळ्या इथूनच जातात. जातात हे क्रियापद मी विचारपूर्वक वापरलं आहे. चुडावा मोठ्या गाड्यांना लागतं ते फक्त वेळ चुकली असली तर. आमच्याकडं एक्स्प्रेस थांबली की लोक आनंदत नाहीत, पुढं काय झालं असेल म्हणून काळजीत पडतात.

माझ्या घरातल्या चुडाव्याचं मात्र तसं नाही. प्लायवूडच्या पाटावर स्टेशन आहे आणि तिथं प्रत्येक गाडी थांबते. हा ठराव मी एकमतानं मंजूर केला आहे. ‘शोले’ची मालगाडी थांबते, घोड्यांनाही जरा दम खाता येतो. ‘पाकिजा’चा डबा थांबतो. १९७२ सालचा हा सिनेमा, त्यात राजकुमार झोपलेल्या मीनाकुमारीच्या पायाशी चिठ्ठी ठेवून जातो, ते पाऊल सगळ्या देशाला ठाऊक आहे. मी डब्याचं छत काढता येईल असं केलं आणि आत पाऊल ठेवायचं ठरवलं. तेवीस सेंटीमीटरचं पाऊल भागिले ८७ म्हणजे अडीच मिलिमीटरच्या जरा वर. साबुदाण्याचा दाणा कोरून ते बनवलं. कुणाला दाखवायचं तर आधी भिंग द्यावं लागतं, मग पाऊल कुठलं आणि चिठ्ठी कुठली ते सांगावं लागतं, आणि तोपर्यंत बघणारा शिंकतो. त्यामुळं हे पाऊल मी पुन्हा पुन्हा कोरत असतो. आमच्या मेहुण्यानं एकदा ते फुंकर मारून साफही केलं.

एकच गाडी माझ्या चुडाव्याला थांबत नाही, ती ‘द बर्निंग ट्रेन’. रवी चोप्रांचा १९८० सालचा सिनेमा. दिल्ली-मुंबई चौदा तासांत पोचवणारी सुपर एक्स्प्रेस, आणि तिचे ब्रेक डॅनीनं काढून टाकलेले. धर्मेंद्र, विनोद खन्ना, जितेंद्र सगळे मिळून ती थांबवायला झटतात. ती निळ्या-पांढऱ्या रंगात मी देशी प्लास्टिकच्या गाडीवरून बनवली आणि नियम म्हणून न थांबता सोडतो. सिनेमाशी प्रामाणिक राहायचं म्हणून हे केलं. पण पाहायला आलेल्या सगळ्या लोकांना हीच गाडी सर्वांत खरी वाटते. “ही आपल्याकडचीच आहे,” असं बघताक्षणी म्हणतात.

गाव पाहायला येतं, ते विशेषतः दिवाळीत. पोरांची तक्रार एकच, “सर, जोरात पळवा ना!” मी त्यांना गणित सांगतो. खरी गाडी ताशी साठनं चालली तर या मापात ती सेकंदाला एकोणीस सेंटीमीटरच जायला पाहिजे. पोरं म्हणतात, “मंग ही पॅसेंजर आहे.” आहेच. त्याच हिशेबानं दोन तास लेट म्हणजे इथं त्र्याऐंशी सेकंद लेट. तेवढं मी मुद्दाम पाळतो, नाहीतर प्रवाशांना घरच्यासारखं वाटत नाही. पूर्णा ते नांदेड खरं अंतर तीसेक किलोमीटर, या मापात साडेतीनशे मीटर. माझ्या माजघरातून निघालं तर नांदेड वेशीपलीकडच्या उसाच्या फडात येतं. फड ज्यांचा आहे त्यांच्याशी भूसंपादनाची बोलणी अजून सुरू झालेली नाहीत.

आणि वीज. ही सारी गाडी बारा व्होल्टवर चालते. एकदा बाहेरगावचे पाहुणे बसले होते, मी ‘शोले’चं इंजिन सोडलं, कापसाचा धूर झोकात होता, ओंडक्यांवर ते धडकणार तेवढ्यात लाईट गेली. वाफेचं इंजिन भारनियमनानं थांबलं. पाहुणे हळहळले. शेजारचे अण्णा त्यांना म्हणाले, “डाकूंचं काम झालं बघा.”

मला काही जण म्हणतात, पुण्याला एवढं मोठं आहे, मग तुम्ही कशाला? त्यांचं म्हणणं कोथरूडच्या जोशी म्युझियमबद्दल असतं. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं छोट्या रेल्वेचं हे संग्रहालय १९९८ च्या १ एप्रिलला सुरू झालं. एका दालनात सबंध शहर, पूल, बोगदे, सिग्नल, झुकझुक गाडीपासून अगदी वेगवान गाडीपर्यंत सगळं, आणि चालवणं एका पॅनेलवरून. मराठी माणसानं पाहिलंच पाहिजे असं ते काम आहे. मी पाहिलं, दोन्ही डोळ्यांनी पाहिलं. आमच्या घरचेही होते. बाहेर पडल्यावर मी आशेनं त्यांच्याकडं बघितलं. त्या म्हणाल्या, “त्यांनी निदान तिकीट लावलंय.”

पण जोशींच्या शहरात चुडावा नाही. सिनेमातल्या गाड्यांच्या वाट्यालाही मराठवाडा आलेला नाही. ‘शोले’ची गाडी पनवेलजवळ. ‘दिलवाले दुल्हनिया’मधली ती शेवटची गाडी, हात पुढं केलेला तो शाहरुख, ते स्टेशन आपटा, तेही रायगड जिल्ह्यातच. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष हे आपण ऐकून आहोत. सिनेमातल्या रेल्वेचा अनुशेष कुठल्याच समितीनं मोजलेला नाही. एका हिरॉइनला एकदा मिरखेलपासून लिंबगावपर्यंत पळवली असती तर काय बिघडलं असतं?

रेल्वेसाठी भांडणारी गावं आपल्याकडं नाहीत असं मात्र नाही. वऱ्हाडातली शकुंतला घ्या. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची नॅरोगेज गाडी, तिचं १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं इंजिन १९९४ पर्यंत राबलं. ती गाडी बंद पडल्यावर लोक अजून तिच्यासाठी आंदोलनं करतात. वेल्समध्ये तर टिटफील्डचा सिनेमा निघण्याआधीच, १९५१ साली, टॅलिलिनची लहान रेल्वे हौशी लोकांनी हातात घेऊन चालवून दाखवली. सिनेमाची गोष्ट त्यावरूनच सुचली. आमची मीटरगेज गेली तेव्हा आम्ही भांडलो नाही, उलट पेढे वाटले. ब्रॉडगेज यायलाच पाहिजे होतं, त्यासाठी मराठवाड्यानं वर्षानुवर्षं मागणी केली होती. पेढे वाटले यात काही वाईट नाही. पण पेढे वाटणाऱ्यांपैकी एकानंही जाणाऱ्या गाडीचा फोटो काढला नाही.

हे कळलं ते अलीकडं, जुनं चुडावा स्टेशन बनवायला घेतलं तेव्हा. ‘शोले’ची गाडी मोबाइलवर लावून हवी तिथं थांबवता येते. चाकं मोजा, खिडक्या मोजा, डब्यावरचा डाग मोजा. आमच्या स्वतःच्या स्टेशनचं तसं काहीच नाही. ज्या फलाटावर निम्मं आयुष्य गाडीची वाट बघण्यात गेलं, त्या स्टेशनाच्या इमारतीला खिडक्या किती होत्या, हे पारावर विचारलं. एक म्हणाला दोन, दुसरा म्हणाला चार, तिसरा म्हणाला, “खिडकी कशाला बघतो माणूस? गाडी कुठून येते तिकडं बघतो.” डब्यांचा रंग काळपट तांबडा यावर सगळ्यांचं एकमत झालं, पण किती तांबडा यावर दोन सख्खे चुलतभाऊ उठून गेले. पाण्याची टाकी कोणत्या बाजूला होती याचं उत्तर मिळालं नाही, उलट रामगडची टाकी कुठं होती, वीरू तिच्यावर कुठून चढला, हे सगळ्यांनी हात करून दाखवलं. सगळेच बरोबर होते.

त्यामुळं माझ्या पाटावर सध्या रामगडचं काम पूर्ण आहे आणि चुडाव्याच्या जागी एक बुटाचं खोकं ठेवलेलं आहे, त्यावर पेन्सिलीनं ‘चुडावा’ लिहून. बाई शेळी घेऊन त्या खोक्यासमोर उभी आहे.

म्हणून एक विनंती. परभणी, पिंगळी, मिरखेल, पूर्णा, चुडावा, लिंबगाव या पट्ट्यातल्या, किंवा इथून पुण्या-मुंबईला गेलेल्या ज्या कुणाच्या घरी १९९५ च्या आधीचे लग्नाचे अल्बम असतील, त्यांनी ते एकदा चाळून बघावेत. वऱ्हाड रेल्वेनं गेलं असेल तर स्टेशनावर एखादा फोटो निघालेला असतो. त्यात मीटरगेजचा डबा, इंजिन, स्टेशनची भिंत, पाण्याची टाकी, काहीही मागं दिसत असलं तर तो फोटो मला बघायला द्या. नवरदेवाचं डोकं कापलेलं असलं तरी चालेल, मागची खिडकी पूर्ण दिसली पाहिजे. काम झालं की फोटो जसाच्या तसा परत करीन, टपालाचा खर्च माझ्याकडं.